शेजारच्या तोइवोरावांचे वय

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
ऑक्टोबरअखेर

ती. द्वारकामावशी,

राजारामचा वाकून नमस्कार (डावा गुडघा जेवढे वाकू देतो तेवढा शरीराने आणि उरलेला मनाने, तू दोन्ही मिळून एक धरून घे). तब्येत कशी आहे? झोप लागते का, जेवण जाते का, कऱ्हाडात पाऊस एकदाचा हटला का? फोनवर विचारले असते, पण फोनवर तू नुसते "बरं, बरं" म्हणतेस, आणि मला संशय आहे की तुला ऐकू येत नाही व ते तुला कबूल करायचे नाही. पत्र मात्र तू चष्मा पुसून दोनदा वाचतेस आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तुझ्या सुमंतला मोठ्याने ऐकवतेस. म्हणून पत्र.

आम्ही इकडे खुशाल आहोत. नेत्रा आणि आमचे जावई शंतनू दिवसभर दोन वेगळ्या खोल्यांत दार लावून कॉम्प्युटरशी बोलतात. त्याला इथे नोकरी म्हणतात. नात इला मराठीत विचारले की इंग्रजीत उत्तर देते आणि इंग्रजीत विचारले की खांदे उडवते. नीलांबरी ठणठणीत आहे. मी रोज फिरायला जातो. रस्ते रुंद, झाडे उंच, माणूस औषधालाही नाही. हे सगळे तुला मागच्या खेपेलाही लिहिले होते, आणि तू उत्तरात "हे मला माहीत आहे" एवढेच लिहिले होतेस. तेव्हा आता सरळ मुद्द्यावर येतो. मावशी, गेल्या पाच महिन्यांत मला एका शेजाऱ्यामुळे एवढे धक्के बसले आहेत की माझ्या जागी दुसरा कोणी असता तर लवकरचे तिकीट काढून परत आला असता.

सुरुवात जूनमध्ये झाली. नीलांबरी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली की शेजारचे एक म्हातारे गृहस्थ शिडीवर चढून छपराची पन्हळ साफ करताहेत, खाली शिडी धरायला कोणी नाही, तेव्हा तुम्ही जा. (मला ही बाई घरात स्टुलावर चढू देत नाही, पण परक्याच्या शिडीखाली उभे करायला तिची हरकत नव्हती.) मी गेलो. वर एक उंच, काटकुळे गृहस्थ ओल्या पानांचा लगदा हाताने काढून बादलीत टाकत होते. मी अंदाज बांधला, सत्तर-पंच्याहत्तर, म्हणजे आपल्याच बरोबरीचे, आणि शिडी धरून खालून त्यांना चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. आपल्या वयात हे बरे नव्हे, तोल जातो, हाड मोडले तर जुळत नाही, मुलाला बोलवावे. वरून उत्तर आले की मुलाला शिडी जमत नाही, त्याचे कंबरेचे हाड गेले आहे, आणि आता तोही शहात्तरचा झाला.

मला वाटले माझे इंग्रजी कच्चे पडले. मग वाटले ते मोठ्या भावाबद्दल बोलत असावेत. एवढ्यात ते बादलीसकट खाली उतरले, हात पँटला पुसला, माझ्या हातात दिला, नाव सांगितले तोइवो लेह्तोनेन, आणि आपला जन्म एकोणीसशे एकवीसचा असल्याचे घराचा नंबर सांगावा तसे सांगितले. मावशी, मी गवतावर बसलो. ते आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

तू म्हणशील, यात बसण्यासारखे काय आहे. तर माझी उभी नोकरी आयुर्विम्यात गेली हे लक्षात घे. माणूस कितव्या वर्षी किती शक्यतेने जातो याचा तक्ता मला अजून झोपेत म्हणता येतो. तो तक्ता शंभरापाशी संपतो. शंभरावर माणूस गेला की आम्ही त्याला मेला असे समजून पैसे देऊन टाकायचो (जिवंत असला तर त्याच्याच हातात). आणि इथे तक्त्याच्या कागदाबाहेर चार घरे पुढे गेलेला माणूस बादली हलवत उभा होता. संध्याकाळी मी हे घरात मोठ्या बातमीसारखे सांगितले तर इला न बघताच म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी नोज. तोइवो इज हंड्रेड अँड फोर." मी तिला म्हटले की एकशेचार वर्षांच्या माणसाला असे नुसते नावाने हाक मारतात का? ती म्हणाली की त्यांचे नाव तेच आहे. मी मात्र त्यांना तोइवोराव म्हणतो, आणि ते ओ देतात.

तोइवोराव मूळचे फिनलंडचे. ते नॉर्वे-स्वीडनच्या पलीकडे, अगदी वरच्या अंगाला आहे (सुमंतच्या नकाशात बघ). त्यांचे गाव मात्र आता फिनलंडमध्ये नाही. एकोणचाळीस सालच्या हिवाळ्यात रशियाने त्या देशावर स्वारी केली, तेव्हा हे अठरा वर्षांचे होते आणि आपण होऊन सैन्यात गेले. काम काय, तर पायाला लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून एका तुकडीचे निरोप दुसऱ्या तुकडीला पोचवायचे. थंडी अशी की भाकरी दगडासारखी व्हायची, ती बनियनच्या आत काखेत धरून मऊ करायची आणि मग खायची. (हे मी जेवताना सांगितले, तेव्हा शंतनूने पाव खाली ठेवला.) पायाची दोन बोटे त्या थंडीत गेली. ती लढाई संपली, तर वर्षा-सव्वा वर्षात दुसरी सुरू झाली. त्यात जर्मन यांच्या बाजूने होते. शेवटी शेवटी त्याच जर्मनांना हाकलून लावायची तिसरी लढाई करावी लागली. मी चक्रावून विचारले की मग तुम्ही नक्की होतात कोणाच्या बाजूने? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले की आमच्या गोठ्याच्या. तो गोठा, ते घर, सगळे गाव तहात रशियाकडे गेले. यांनी आईला आणि गाईला घेऊन चालत नवी हद्द ओलांडली. पुढे लग्न झाले, मुलगा झाला आणि त्या तान्ह्या मुलाला घेऊन हे नवराबायको अमेरिकेत आले. इथे त्यांनी सुतारकाम केले. आमच्या भागातली जुनी घरे बरीचशी त्यांच्या हातची आहेत.

त्यांचे इंग्रजी फिनलंडच्या हेलाचे आणि माझे कऱ्हाडच्या, त्यामुळे आम्हा दोघांना एकमेकांचे बोलणे फार छान कळते आणि बाकी कोणालाच कळत नाही. दर वाढदिवसाला त्यांच्याकडे वार्ताहर येतात आणि दीर्घायुष्याचे रहस्य विचारतात. हे दरवर्षी वेगळे सांगतात. एका वर्षी कॉफी, एका वर्षी खारवलेले मासे, गेल्या जानेवारीत आंबट दूध. मी विचारले, यातले खरे कोणते? ते म्हणाले, एकही नाही, पण ती वार्ताहर मुलगी इतक्या लांबून मोटार चालवत येते, तिला हात हलवत कसे पाठवायचे. हे मी नेत्राला सांगितले नाही, कारण तिने आंबट दुधाने फ्रिजचा अख्खा कप्पा भरून ठेवला आहे आणि ते आम्हाला रोज प्यावे लागते.

आता पुढचा परिच्छेद शेजारच्या बायका बसल्या असतील तर मनातल्या मनात वाच. तोइवोरावांनी परसात एक लाकडी खोली बांधली आहे. तिला सौना म्हणतात. आत चुलीवर दगड तापवतात, त्यावर पाणी ओततात आणि त्या वाफेत बसून राहतात. ऑगस्टच्या एका शनिवारी त्यांनी मला बोलावले. ऑगस्टात इथेही आपल्यासारखाच उकाडा असतो, त्यामुळे उकाड्यात आणखी उकडून घ्यायला का बसायचे हे मला कळेना, पण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवला नाही. मी शंतनूची पोहायची चड्डी घालून गेलो. ते तसे नव्हते. कसे होते हे लिहीत नाही. त्यांच्या देशात ती रीत आहे आणि त्यांना त्यात काही वाटत नाही; वाटायचे ते सगळे मला वाटले. मी नजर छताला लावून बसलो. त्यांनी दगडांवर पाणी ओतले, मग पानांची एक जुडी घेऊन माझ्या पाठीवर सपासप मारली (हाही पाहुणचारच). छताची फळी मला एकीच्या दोन दिसू लागली, हे मला आठवते. पुढचे आठवत नाही.

पुढचे असे झाले की तोइवोरावांनी मला काखेत धरून बाहेर ओढले, गवतावर निजवले आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्समधून दोन दणकट तरुण स्ट्रेचर घेऊन धावत आले आणि थेट तोइवोरावांना धरून "सर, झोपा, घाबरू नका" म्हणू लागले. ते म्हणाले, मी नाही, हा मुलगा. मावशी, हा मुलगा म्हणजे मी, एकाहत्तर वर्षांचा. तेवढ्यात नीलांबरी आली. नवरा गवतावर आडवा, आणि एक संपूर्ण विवस्त्र गृहस्थ त्याचे दोन्ही पाय वर धरून बसलेले. तिने काय केले असेल? ती धावत घरात गेली आणि शाल आणून त्यांच्या खांद्यावर घातली, म्हातारपणी वारा बाधतो म्हणून. माझ्याकडे तिने नंतर पाहिले.

इथवरचे धक्के मी हसत लिहिले, कारण ते हसण्याजोगेच होते. पुढचा तसा नाही.

गेल्या महिन्यात नेत्राला फ्लोरिडाहून फोन आला. तोइवोरावांच्या नातीचा. तिचे वडील, म्हणजे तोइवोरावांचा मुलगा पेक्का, सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. तोइवोरावांची मुलगी पूर्वीच गेलेली, बायको तिच्याही आधी. हा एकच उरला होता. नातीचे म्हणणे, आजोबा एकटे असताना फोनवर सांगायला धीर होत नाही, कोणी जवळ जाऊन सांगेल का? शंतनू त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ऑफिसात होता, नेत्रा इलाला आणायला निघालेली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जाल?"

मी नोकरीत शेकडो घरी गेलो आहे. अशा वेळी काय बोलायचे ते मला पाठ आहे. वय झाले होते, सुटले, तुम्ही आहात ना आता घरच्यांना. त्यांच्या पायरीवर उभा राहिल्यावर लक्षात आले की यातले एकही वाक्य इथे चालत नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाचे वय झाले होते असे त्याच्या बापाला कोणत्या तोंडाने सांगायचे? मी दार वाजवलेच नाही. त्यांनीच उघडले. माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "पेक्का?" मी मान हलवली. ते वळून आत गेले आणि त्यांनी कॉफीखालचा गॅस बंद केला.

मग बराच वेळ आम्ही स्वयंपाकघरात बसलो. नंतर ते उठले आणि सौना तापवायला गेले. त्यांच्याकडे पूर्वी बाळंतपण सौनातच व्हायचे आणि मेलेल्याला शेवटची आंघोळही तिथेच घालायचे. पेक्काचा जन्म तसल्याच एका खोलीतला. मला म्हणाले, येतोस का, दार उघडे ठेवू. मी गेलो. सर्वांत खालच्या फळीवर, दाराशी बसलो. (चड्डीचा विचार त्या दिवशी कोणाच्याच मनात आला नाही.)

तिथे त्यांनी मला अर्वोची गोष्ट सांगितली. अर्वो त्यांच्या गावचा, त्यांच्याच वयाचा. दोघे गोठलेल्या तळ्यावरून निरोप घेऊन निघाले होते. तळ्याच्या मध्यावर गोळी आली ती अर्वोला. दोघांमध्ये हातभराचे अंतर होते. निरोप पोचवायचा होता म्हणून हे त्याला तिथेच ठेवून पुढे गेले. परत आले तेव्हा बर्फ पडून तळे सगळे सारखे पांढरे झाले होते, जागा ओळखू येईना. वसंतात तळे वितळले. तोइवोरावांनी दगडांवर थोडे पाणी ओतले आणि म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, मी राहिलो ही काहीतरी चूक झाली. आता कोणीतरी येईल आणि दुरुस्त करील. अजून कोणी आलं नाही."

मावशी, मी आयुष्यभर माणसे किती जगतात ते मोजत आलो. जगून काय होते हे मला त्या फळीवर बसून पहिल्यांदा कळले, आणि मला बाहेर जाऊन उभे राहावे लागले.

अंत्यविधी फ्लोरिडात. तोइवोराव स्वतः मोटार चालवत निघणार होते, दोन दिवसांचा रस्ता. शंतनूने हातापाया पडून त्यांना विमानाला राजी केले. त्यांची अट एकच, राजारामने बरोबर यावे. नेत्राने विचारले, बाबाच का, त्यांना स्वतःलाच सांभाळावे लागते. ते म्हणाले, "मला माझ्या मुलाच्या वयाचं कोणीतरी बरोबर हवं." नीलांबरीने माझी बॅग भरली.

विमानतळावर वेगळाच घोळ. तिथल्या कॉम्प्युटरने जन्मसाल एकवीस एवढेच वाचले आणि ते दोन हजार एकवीस धरले. त्यामुळे तोइवोराव चार वर्षांचे ठरले, आणि चार वर्षांच्या मुलाला पालकाशिवाय सोडता येत नाही. काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघत होती, पडद्याकडे बघत होती, आणि तिला काहीच करता येत नव्हते. शेवटी मी पालक म्हणून सही केली. विमानात हवाईसुंदरीने त्यांना रंगीत खडू आणि चित्रांचे पुस्तक दिले, कारण तिच्या यादीत तसे होते. माणसाकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला. तोइवोरावांनी खडू ठेवून घेतले आणि सगळी वाट एका बदकाला हिरवा रंग भरत बसले. आदल्या दिवसापासून त्यांनी हातात धरलेली ती पहिली गोष्ट होती, म्हणून मीही पिवळा खडू घेऊन मदत केली.

अंत्यविधीला पेक्काचे मित्र आले होते. सगळे माझ्या वयाचे, कोणी काठी टेकत, कोणी ऑक्सिजनची नळी लावून. ते सांत्वनाला येत आणि तोइवोराव त्यांना धरून खुर्चीत बसवत. मग ते एकटे पेटीपाशी गेले. मुलाची कॉलर एका बाजूने उलटली होती, ती नीट केली. आणि फिनिशमध्ये काहीतरी बोलले, एवढे हळू की मला वाटले खोकले. परतताना विमानात मी विचारले. म्हणाले, "मी म्हटलं, तू हो पुढे. मी दारं-खिडक्या लावून येतो."

परत आल्यावर ते तीन आठवडे बाहेर दिसले नाहीत. मी रोज दार वाजवून यायचो, ते आतून एक शब्द बोलायचे, तो फिनिश असायचा. मग परवा सकाळी ते आपण होऊन आले आणि आमच्या पायऱ्यांवर बसले. मला विचारले, तुझ्याहून मोठे तुझे कोणी आहे का? मी म्हटले, आई मी लहान असतानाच गेली, तिची धाकटी बहीण आहे, तिनेच मला वाढवले, एक्क्याण्णव वर्षांची आहे. त्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी हलले. म्हणाले, एक्क्याण्णव म्हणजे पेक्कापेक्षा थोडीच मोठी.

आम्ही नोव्हेंबरच्या मध्याला परत येतो आहोत. तुझ्यासाठी नेत्राने मऊ लोकरीचे मोजे घेतले आहेत. सुमंतला आशीर्वाद. तुझा मायेचा हात डोक्यावर असू दे, जावळ आता नाही, पण डोके तेच आहे.

तुझा,
राजाराम

ता. क. : हे सगळे वाचून झाले असेल तर आता खरे लिहितो. सुमंतचा फोन आला होता. तू गणपतीपासून हृदयाच्या गोळ्या घेणे बंद केले आहेस आणि "पुरे झालं आता" म्हणून उशीखाली ठेवतेस असे तो म्हणाला. हे पहिल्या ओळीत लिहिले असते तर तू पत्र घडी करून ठेवले असतेस, म्हणून एवढी पाने लिहिली. मावशी, मला रागवायला आता तूच एक उरली आहेस. तू गेलीस की घराण्यात सगळ्यांत म्हातारा मी, आणि माझी त्याला अजिबात तयारी नाही. गोळ्या घे.

ता. क. दुसरा : पायऱ्यांवर बसलो असताना मी तोइवोरावांना सहज म्हटले की एकदा कऱ्हाडला या. आपण कोणालाही म्हणतो तसेच. पण यांच्याकडे 'एकदा या' याचा अर्थ एकदा या असाच होतो, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी जानेवारीचे तिकीट काढले आहे. पुण्याच्या आमच्या घराला लिफ्ट नाही, आणि ते चढतील पण शेजारीपाजारी बघून आजारी पडतील. तेव्हा तुझी खालची खोली रिकामी करून ठेव. त्यांना मासे चालतात हे सुमंतच्या कानावर घाल, ते मात्र मी तुला सांगितले असे सांगू नकोस.

मावशी, सा. न. मी नीलांबरी. पाकीट चिकटवण्याआधी मी सगळे वाचले. ह्यांनी तोइवोकाकांचे लिहिलेले सगळे खरे आहे. गोळ्यांचे शिकवतायत ते मात्र ऐकून घेऊ नका. ह्यांच्या स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या जुलैपासूनच्या आंबट दुधाच्या बाटलीमागे सापडल्या, जशाच्या तशा. आता मी रोज समोर उभी राहून तोंड उघडायला लावते. तुमच्याकडे सुमंतभावजींना तेच करायला सांगितले आहे. भारतातली सकाळ आधी होते, म्हणून तुम्ही गोळी घेतलीत की फोन करा. "मावशीचा फोन आल्याशिवाय मी घेणार नाही," असे म्हणून हे तोंड मिटून बसले आहेत.